तरणतलावाच्या पंपाचे वीजबिल का वाढते?

डहाणू - येथील औष्णिक वीज केंद्राची क्षमता ५०० मेगावॅट असली, तरी तेथील वीज मुंबईच्या उपनगरांसाठी आहे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील घरांना वीज पुरवते ती महावितरण, आणि तिचे घरगुती दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातात. बंगल्याच्या आवारात तरणतलाव बांधणाऱ्यांनी हा हिशेब आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

तलावातील पाणी स्वच्छ राखण्यासाठी पंप ते सतत गाळणीतून फिरवतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. मोटारीतील तूट धरता असा पंप तासाला साधारण एक युनिट वीज घेतो. तो रोज आठ तास चालल्यास महिन्याला २४० युनिट होतात.

घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांनंतर बदलतात. घराचा इतर वापर २०० युनिट असेल, तर पंपाची १०० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेली १४० त्याहून महागड्या तिसऱ्या टप्प्यात मोजली जातात. सर्व आकारांसह युनिटमागे १२ रुपये धरले, तरी हा खर्च महिन्याला २,८८० रुपयांवर जातो.

बचतीचा पहिला मार्ग वेळेचा. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४० हजार लिटर पाणी मावते. तासाला दहा हजार लिटर फिरवणारा पंप चार तासांत तेवढे पाणी एकदा गाळतो. पाणी नितळ राहत असेल, तर पंपाची वेळ हळूहळू कमी करता येते. रोजचा एक तास वाचला, की महिन्याला ३० युनिट वाचतात. मात्र बंगला रिकामा आहे म्हणून पंप पूर्णपणे बंद ठेवू नये. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरते, डास होतात आणि क्लोरीन सर्वत्र पोहोचत नाही.

दुसरा मार्ग वेग बदलता येणाऱ्या पंपाचा. फेऱ्या निम्म्या केल्यास प्रवाह निम्मा होतो, पण वीज तत्त्वतः एक अष्टमांशच लागते. त्यामुळे वेळ दुप्पट लागूनही एकूण वीज चौथ्या हिश्शावर येते. प्रत्यक्षात मोटारीतील तुटीमुळे बचत थोडी कमी होते. गाळणी तुंबलेली असल्यास तेवढेच पाणी फिरवण्यास पंपाला जास्त वेळ लागतो. म्हणून ती वेळच्या वेळी धुणे आवश्यक आहे.

स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत लागू झाली. अशा ग्राहकांनी पंप रात्रीऐवजी दिवसा चालवणे किफायतशीर ठरते.