लोखंड, ज्वाला आणि माणूस (लेखांक सहावा) : रिकामे पीप

मागील लेखांकात वेल्डिंगच्या प्रकाशाने डोळ्यांस होणाऱ्या इजेचा विचार केला. ती इजा निदान आपले कारण लपवीत नाही; रात्री डोळ्यांत वाळू भरल्यागत ठणका लागला म्हणजे होल्डर धरणाऱ्यालाच नव्हे, तर काचेवाचून शेजारी पत्रा धरून उभ्या राहिलेल्या मदतनिसालाही तो कशाचा हे सांगावे लागत नाही. आज ज्या धोक्याविषयी लिहावयाचे आहे तो याहून कपटी आहे, कारण तो ज्योतीत नसतो. ज्या वस्तूवर ज्योत धरावयाची, तिच्या पूर्वेतिहासात तो दडलेला असतो.

ज्या सांगली जिल्ह्यात 1910 साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगराच्या रूपाने कारखान्याचे लोखंड शेतकऱ्याच्या दारात येऊन पडले, त्या जिल्ह्यात जोड देण्याची विद्या लोहाराच्या भात्यावरून रिबिटावर आणि रिबिटावरून वेल्डिंगच्या रॉडवर आली, हे ओघानेच झाले. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या कोणाही लहान कारागिराकडे शेडच्या कैच्या, ट्रॉल्या आणि फाटके ही कामे तर येतातच. शिवाय गळिताचा हंगाम आटोपला की साखर कारखान्यांतील मळीच्या आणि आसवनीतील स्पिरिटच्या टाक्यांच्या दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो, आणि वर्षभर केव्हाही एखादे गिऱ्हाईक जुने पीप घेऊन येते व 'एवढे वरचे तोंड कापून द्या, पाणी साठवायचे आहे' असे सांगून उभे राहते. कामांत क्षुद्र असे हे काम, परंतु माझ्या मते सर्वांत घातकी हेच.

दोनशे लिटरचे पीप आपण रिकामे म्हणतो तेव्हा त्यातून ओतण्याजोगे काही उरलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. पेट्रोलची वाफ हवेत शंभरात दीड भागाच्या आसपास मिसळली की ते मिश्रण स्फोटक होते; म्हणजे एवढ्या पिपाला सुमारे तीन लिटर वाफ पुरे, आणि तेवढी वाफ उत्पन्न करण्यास दीड मोठा चमचा पेट्रोल, जे बुडाच्या घडीत सहज लपून राहते, ते पुरेसे होते. गच्च भरलेल्या पिपात हवाच नसल्याने स्फोटाला वाव कमी. वाव मिळतो तो रिकाम्यात. डिझेलची आणि जड तेलांची गत तर आणखी फसवी आहे. थंड असताना ती सहसा पेटत नाहीत, म्हणून त्यांच्या पिपांविषयी कारागीर निर्धास्त असतो. परंतु कटिंगची ज्योत पत्र्यावर धरली की आतला पातळ थर तापून त्याची वाफ होते, आणि ज्या ज्योतीने वाफ केली तीच छिद्रातून आत शिरून ती पेटविते. मग पिपाचे बूड उडते, आणि त्या बुडासमोर बहुधा माणूसच वाकलेला असतो.

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या सदतिसाव्या कलमात याची तजवीज फार दूरदृष्टीने केलेली होती. ज्या टाकीत वा पात्रात ज्वालाग्राही अथवा स्फोटक पदार्थ आहे किंवा पूर्वी होता, त्यावर तो पदार्थ व त्याची वाफ काढून टाकल्याखेरीज किंवा निरुपद्रवी केल्याखेरीज वेल्डिंग, ब्रेझिंग, डाख देणे वा कापणे यांपैकी काहीही करावयाचे नाही, असे ते कलम फर्मावीत असे. इतकेच नव्हे, तर काम झाल्यावर धातू पुरेसा थंड होईपर्यंत तसला पदार्थ आत पुन्हा येऊ द्यावयाचा नाही, हेही बजावीत असे. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने 2025 साली या अधिनियमाची जागा घेतली म्हणून पेट्रोलच्या वाफेचा स्वभाव पालटलेला नाही. खरी अडचण निराळीच आहे: चार-पाच माणसांच्या वर्कशॉपापर्यंत कारखान्याचा कायदा सहसा पोहोचतच नाही, आणि पिपे कापली जातात ती बहुतांशी तेथेच.

मग करावे काय? नाकाने वास घेणे ही परीक्षा नव्हे, आणि बादलीभर पाणी फिरवून ओतून देणे ही सफाई नव्हे. गरम पाणी व सोडा किंवा वाफ यांनी आतील थर सुटेपर्यंत धुवावे, सर्व बुचे उघडी ठेवावी, आणि शक्य तेथे कापावयाच्या रेषेच्या किंचित खालपर्यंत पाणी भरून आतील हवेची जागाच कमी करावी. मोठ्या टाकीचे काम असेल तर गॅस मोजण्याचे यंत्र लावल्याखेरीज कोणाच्या शब्दावर विसंबू नये.

टाकीच्या आत उतरून काम करावयाचे असेल तर त्याच जुन्या अधिनियमाच्या छत्तिसाव्या कलमातील पथ्य पाळावे. जाणकार माणसाने स्वतः तपासणी करून लेखी दाखला दिलेला असावा, नाही तर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र व कमरेला पट्टा लावलेला असावा आणि पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेर कोणाच्या तरी हातात असावे. आत गुदमरू लागले म्हणून ऑक्सिजनची नळी मोकळी सोडून 'ताजी हवा' घेण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती तर आत्मघातच होय. त्या हवेत अंगावरचा सुती सदराही ठिणगी पडताच भडकतो. जेवणाच्या सुट्टीत टॉर्च आणि नळ्या टाकीत ठेवून येणे हाही त्याच जातीचा प्रमाद आहे. गळणारा एलपीजी हवेहून जड असल्याने तळाशी साठतो आणि परतणाऱ्याची वाट पाहतो.

पूर्वेतिहास केवळ पात्राला असतो असे नाही, धातूलाही असतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपावर जस्ताचा मुलामा असतो, त्याचा पांढरा धूर ओढणाऱ्याला सायंकाळी हुडहुडी भरून ताप येतो. गूळ किंवा दूध घेतल्याने तो धूर फुप्फुसातून उतरतो ही समजूत निराधार आहे. ब्रेझिंगच्या काही चांदीमिश्रित कांड्यांत असणारे कॅडमियम त्याहून भयंकर, कारण ते प्रथम ओळख देत नाही आणि फुप्फुसाचा दाह काही तासांनी प्रकट करते. 'केडीएम' दागिन्यांतल्या डाखात असे तेच हे कॅडमियम. विट्याकडील ज्या गलाई व्यावसायिकांनी देशभर सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय नेला, त्यांनी जुन्या दागिन्यांच्या भट्टीवर या धुराचा विचार अवश्य करावा.

ठिणगीची मजल दहा-अकरा मीटर असते, म्हणून काम संपल्यावर निदान अर्धा तास कोणीतरी जागेवर पहारा करावा. 21 जानेवारी 2021 रोजी पुण्याजवळ मांजरी येथे सीरम इन्स्टिट्यूटच्या काम चालू असलेल्या इमारतीस लागलेल्या आगीत पाच जण दगावले, तेव्हा प्राथमिक कारण म्हणून वेल्डिंगच्या ठिणगीचेच नाव पुढे आले होते.

गिऱ्हाइकांना एक विनंती आहे. पीप किंवा टाकी कापावयास नेताना तिच्यात पूर्वी काय होते ते खडूने तिच्यावर लिहून न्यावे, आणि ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. कारागिरानेही अशा वेळी ती पेट्रोलचीच समजून चालावे. विजेचा धक्का व अर्थिंग यांविषयी पुढील लेखांकात.