‘येऊन गेलास म्हणे!’

मुंबई-पुण्यात नोकरी करणारा जाफराबादकर शुक्रवारी रात्री गावाकडे निघतो आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर असतो. मधल्या दोन दिवसांत एक लग्न, एक साखरपुडा, दोन ठिकाणी सांत्वन, चुलतभावाच्या घरचे नवे बाळ आणि भावांबरोबर शेताच्या वाटणीचे अर्धवट राहिलेले बोलणे, एवढे सारे उरकायचे असते. ‘जरा विश्रांतीला गावी गेलो होतो,’ असे तो सहकाऱ्यांना सांगतो खरा. पण परततो तेव्हा जाण्यापूर्वीपेक्षा अधिक थकलेला असतो. गाव तेच, माणसे तीच, रस्ते तर पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले. मग ही दमछाक कशामुळे?

याचे एक कारण गावाच्या जागेतच आहे. केळना आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेले जाफराबाद हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तालुक्याची हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्ह्यातील चिखली आणि देऊळगाव राजा हे तालुके लागतात, म्हणजे मराठवाडा संपून वऱ्हाड सुरू होते. १९४८ पर्यंत ही निजामाच्या राज्याची कड होती. १९५६ मध्ये दोन्ही बाजू एका राज्यात आल्या आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात राहिले. सोयरिकींनी मात्र नकाशावरच्या या रेषा फारशा मानल्या नाहीत. आत्या चिखलीकडे, मामा भोकरदनला, बहीण देऊळगाव राजाला, असा गोतावळा येथे नवलाचा नाही. ‘गावी जाणे’ म्हणजे त्यामुळे दोन जिल्ह्यांत हिंडणे!

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. आपल्याकडच्या भेटीगाठींचे वेळापत्रक शेतीने आणि सणांनी आखले होते. नागपंचमीला लेक माहेरी येई, दिवाळीत भाऊ मुराळी होऊन तिला आणायला जाई, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास शिवार मोकळे असे. आलेला पाहुणा चार-आठ दिवस राहत असे. त्यामुळे कोणाकडे आधी जायचे हा प्रश्न फारसा तीव्र नव्हता. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. रविवार हा या वेळापत्रकात कोठेच नव्हता. तो गिरणीने आणला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, आणि पुढे शहरात गेलेल्या प्रत्येकाचे गावाशी असलेले नाते या सुटीच्या मापात बसू लागले. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा त्या मापात शनिवारचीही भर पडली.

प्रवासही सोपा झाला. जाफराबादला रेल्वे नाही. जालन्याला उतरून पुढे एसटी किंवा जीप. पण समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. जालन्याहून मुंबईला जाणारी वंदे भारत गाडी २०२३ च्या डिसेंबरअखेर सुरू झाली. वाटेतले तास वाचले, पण ते मुक्कामात जमा झाले नाहीत. उलट, ‘आता काय, सकाळी निघालास तर दुपारी पोहोचशील’ म्हणून बोलावणी मात्र वाढली.

मुक्काम आखडला तरी भेटीचे नियम जुनेच राहिले, आणि ते सैल वेळेसाठी घडलेले नियम आहेत. दुःखाचे घर आधी, आनंदाचे नंतर. सांत्वनाला गेल्यावर नमस्कार करायचा नाही, उठताना ‘येतो’ म्हणायचे नाही. थोडा वेळ गप्प बसणे हाच तेथला शिष्टाचार. घड्याळ पाहत गप्प कसे बसणार? तेथून थेट मांडवात जाणे बरे दिसत नाही, म्हणून मध्ये घरी येऊन अंघोळ. लग्नात आहेराची वही असते. आपल्याकडच्या कार्यात कोणी काय दिले हे जुनी वही काढून पाहिल्याशिवाय पाकिटात रक्कम घालता येत नाही. टॉवेल-टोपी घेताना नको नको म्हणायचे आणि घ्यायचे. सुनेची ओटी भरल्याखेरीज तिला उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत. चहाला नकार म्हणजे माणसाला नकार. चौथ्या घरी जेवणाचे पान वाढलेले असते, आणि ‘आत्ताच जेवलो’ हे वाक्य तेथे कोणी ऐकून घेत नाही. हे सारे जाचक वाटते खरे. तरी मला ते निरर्थक वाटत नाही. तुमच्या घरी मांडव पडेल किंवा तिरडी बांधली जाईल त्या दिवशी कोण धावून येणार, याचा हिशेब याच चहा-पानातून लिहिला जात असतो.

अडचण वेगळीच आहे. दोन दिवसांची यादी निमित्तांवर चालते. लग्न, बारसे, मृत्यू, वास्तुशांत असे जेथे काही घडले आहे, ते घर यादीत चढते. जेथे काहीच घडले नाही, ते राहून जाते. मुले लग्ने होऊन बाहेरगावी गेलेली, दोघांपैकी एक मागे उरलेले, ना आजार, ना कार्य. लहानपणी ज्या ओसरीवर आपण दिवस दिवस काढले, नेमके तेच घर. त्यांना भेटायचे मनात असतेच. रविवारी संध्याकाळी निघताना जाऊ, असे ठरलेलेही असते. पण संध्याकाळी लग्नाची पंगत लांबते, वाटणीचे बोलणे चढ्या आवाजात जाते, गाडीची वेळ होते.

छोट्या गावात येणे-जाणे लपत नाही. लग्नातले फोटो कोणीतरी मोबाइलवर दाखवलेले असतात. आठवड्याने फोन येतो.

‘येऊन गेलास म्हणे!’

‘हो मावशी, फार घाई झाली. पुढच्या वेळी नक्की येतो.’

‘ये बाबा. तुझ्यापुरता चहा ठेवला होता दुपारी. मग मीच घेतला.’

काही घरांनी यावर आपापल्या परीने तोड काढली आहे. वर्षातून एक फेरी लग्नसराई सोडून करायची, पावसाळ्यात, कोणाचेही आमंत्रण नसताना. तेव्हा गावात चिखल असतो, दिवे जातात, भेटणारी माणसेही शेतात गुंतलेली. पण ओसरीवरची ती मावशी घरीच असते, आणि यादीत दुसरे नाव नसते.