अडीच एकरांची मोकळीक : हॉर्निमन सर्कलची बाग

1861 साली अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिथून मिळणारा कापूस बंद झाला. गिरण्यांचं गिऱ्हाईक मुंबईच्या दारात आलं. पुढची चार वर्षं या शहरात पैशाचा पूर होता. रोज नव्या बँका, नव्या भराव कंपन्या निघत होत्या, आणि कारकुनापासून शेठजींपर्यंत सगळे शेअरच्या भावावर डोळे लावून बसले होते. तटबंदीच्या आतल्या फोर्टात जमिनीला सोन्याचा भाव आला. याच काळात फोर्टच्या ऐन मध्यावर, टाउन हॉलच्या समोर, सुमारे अडीच एकर जमीन बागेसाठी राखायचं ठरलं. आज त्या जागेला आपण हॉर्निमन सर्कल म्हणतो.

मुंबईत याहून मोठी, फुलांनी नटलेली उद्यानं बरीच आहेत. तरीही मला ही लहानशी बाग शहरातली सर्वांत विचारपूर्वक केलेली बाग वाटते. तिथल्या झाडांइतकंच श्रेय मी तिच्या भोवतीच्या इमारतींना देतो. इथे बाग आणि तिची कड यांचा विचार एकत्र झाला आहे.

मुळात ही जागा म्हणजे ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचं मैदान. नाव हिरवं असलं तरी गवताचा फारसा पत्ता नव्हता. कापसाचे गठ्ठे इथे रचून ठेवत, तोलत, विकत. पश्चिमेला सेंट थॉमस कॅथीड्रल. 1718 मध्ये खुलं झालेलं हे चर्च शहराचा शून्य बिंदूच होतं, कारण मुंबईच्या मैलांच्या दगडांवरची अंतरं तिथून मोजलेली असत. पूर्वेला 1833 मध्ये पुरा झालेला टाउन हॉल, त्याच्या रुंद पायऱ्या आणि ग्रीक धाटणीचे खांब. कॅथीड्रलजवळ एक जुनी चिंच होती. तिच्या सावलीत लिलाव होत. चिंच गेली, पण टॅमरिंड लेन हे गल्लीचं नाव मागे राहिलं. टाउन हॉलसमोरच्या वडांखाली 1850 च्या दशकात मूठभर दलाल जमून शेअरची देवघेव करत. पुढे त्याच मंडळींचा विस्तार होऊन 1875 मध्ये त्यांची संघटना झाली आणि मुंबईच्या शेअर बाजाराला आकार आला.

मैदानात लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा होता, डोक्यावर छत्री असलेला. छत्री आणि आत दगडी मूर्ती म्हटल्यावर लोकांनी जे करायचं तेच केलं. फुलं वाहिली, हात जोडले. साहेबलोकांचं हे देऊळ असणार असं समजून कित्येकजण त्याला ‘छोटं देऊळ’ म्हणत. तो पुतळा आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

1840 च्या दशकात कापसाचा बाजार कुलाब्याला गेला आणि मैदानाची रया गेली. नारळाच्या करवंट्या, राडारोडा, धूळ. शहरातल्या सर्वांत देखण्या इमारतीसमोर उकिरडा साचला.

तो उकिरडा हटवण्याची कल्पना एका पोलीस अधिकाऱ्याची होती. चार्ल्स फोर्जेट हा मुंबई पोलिसांचा प्रमुख. हिंदुस्थानातच वाढलेला, इथल्या भाषा सराईतपणे बोलणारा, वेश पालटून वस्तीत फिरण्यासाठी प्रसिद्ध असलेला. 1857 मध्ये मुंबईतला शिपायांचा कट त्यानेच उघडकीला आणला आणि त्यापायी दोघांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. ही नोंद बागेच्या गोष्टीतून वगळणं मला योग्य वाटत नाही. शहर ताब्यात ठेवणारा माणूसच शहराच्या मध्यावर बाग मागत होता. गर्दी कुठे जमते, घाण कुठे साचते, अंधार कुठे असतो हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक होतं. मैदान साफ करून मध्ये गोल बाग आणि भोवती भव्य इमारती, अशी त्याची योजना. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तिला पाठिंबा दिला आणि त्यांच्या जागी 1860 नंतर आलेल्या गव्हर्नरांच्या काळात, विशेषतः सर बार्टल फ्रिअर यांच्या राजवटीत, ती प्रत्यक्षात उतरली. फ्रिअर यांनीच किल्ल्याचा तट पाडायला घेतला. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ 1863 मध्ये छापून आलं. शहर इतक्या वेगाने कूस बदलत असताना कुणी मराठी माणूस ते लिहून ठेवत होता, याचं मला फार मोल वाटतं.

आता पैशाचा भाग. नगरपालिकेने मैदानाची सगळी जागा विकत घेतली. मधला गोल राखून कडेच्या जमिनीचे तुकडे पाडले आणि ते व्यापारी पेढ्यांना नफ्याने विकले. बागेसमोरची जागा म्हणून कडेच्या भूखंडांना किंमत आली, आणि मधला गोल मोकळा राखण्याचा भार त्याच किमतीने उचलला. आजच्या पुनर्विकासाच्या आराखड्यांत मोकळी जागा कोपऱ्यातला उरलेला तुकडा म्हणून दाखवली जाते, तेव्हा मला हा व्यवहार आठवतो. इथे आधी मोकळी जागा ठरली आणि मग तिच्या भोवती बांधकाम बसवलं गेलं.

भूखंड घेणाऱ्याला मात्र मनासारखं बांधण्याची मुभा नव्हती. तट पाडण्याच्या कामासाठी नेमलेल्या समितीचे वास्तुरचनाकार जेम्स ट्रबशॉ यांनी इमारतींचं दर्शनी रूप ठरवून दिलं. इटालियन धाटणी, एकसारखी उंची, एका रेषेत आलेल्या खिडक्या, कमानींच्या माथ्यावर कोरलेले दगडी चेहरे. ओतीव लोखंडाचं नक्षीकाम इंग्लंडहून आलं. पेढ्या वेगवेगळ्या, मालक वेगवेगळे, आतले हिशेब वेगवेगळे. बाहेरून मात्र एकच वळलेली भिंत दिसते. लंडन आणि बाथमधल्या वर्तुळाकार चौकांची ती आठवण आहे. तिथल्या बऱ्याच चौकांतल्या बागांची किल्ली भोवतीच्या रहिवाशांकडेच असते. मुंबईची ही बाग पेढ्यांच्या मधोमध आली आणि सार्वजनिक झाली.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो तळमजल्यावरचा कमानींचा ओवरीसारखा रस्ता. इमारतींच्या पोटातूनच तो गोलाकार जातो. जुलैत पाऊस धोधो कोसळत असताना माणूस कोरडा चालू शकतो, मे महिन्यात डोक्यावर ऊन येत नाही, आणि प्रत्येक कमानीतून समोर झाडं दिसत राहतात. मुंबईच्या हवामानाला हा रस्ता नेमका लागू पडतो. मालकाच्या जमिनीवर पादचाऱ्याचा हक्क मान्य केल्याशिवाय असा रस्ता होत नाही. मजल्यावर मजले चढवण्याच्या मोहात तो नियम आधी मोडतो, हे फोर्टच्या बाकीच्या गल्ल्यांत पाहायला मिळतं.

1865 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतल्या कागदी श्रीमंतीचा फुगा फुटला. पेढ्या बुडाल्या, भल्याभल्यांची दिवाळखोरी निघाली. योजना मात्र टिकली. 1869 मध्ये बाग आखली गेली आणि 1872 मध्ये रस्ते, झाडं यांसकट ती पुरी झाली. तिचं क्षेत्रफळ 12,081 चौरस यार्ड. मध्यभागी कारंजं, भोवती लोखंडी कठडा. नाव पडलं एल्फिन्स्टन सर्कल. संध्याकाळी बँड वाजे आणि फोर्टातली पारशी कुटुंबं हवा खायला येत. ते कारंजं पुढे गेलं आणि त्या जागी धातूच्या नळ्यांचं एक आधुनिक शिल्प आलं. मला ते तिथे कधीच रुजलेलं वाटलं नाही. इतक्या काटेकोर वर्तुळाच्या केंद्राशी पाणीच हवं होतं.

आखणीतली आणखी एक गोष्ट नकाशावर लगेच कळते. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की समोर बाग, मग कॅथीड्रल आणि पुढे थेट फ्लोरा फाउंटनकडे जाणारा रस्ता. तिथे किल्ल्याचा चर्चगेट दरवाजा होता. दरवाजा पाडला गेला तरी तो अक्ष तसाच राहिला. 1955 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी निघालेल्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या तो आजचा हुतात्मा चौक याच रस्त्याच्या टोकाला आहे.

स्वातंत्र्यानंतर एल्फिन्स्टनचं नाव गेलं आणि बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव आलं. इंग्रज गव्हर्नरच्या जागी इंग्रज पत्रकार. फिरोजशहा मेहतांनी 1913 मध्ये काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे ते संपादक. रौलट कायद्याविरुद्धच्या चळवळीत ते उघडपणे उतरले आणि एप्रिल 1919 मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केलं. इंग्लंडमध्ये जाऊनही पंजाबातल्या अत्याचारांबद्दल त्यांनी लेखणी थांबवली नाही. 1926 मध्ये ते हिंदुस्थानात परतले, पुन्हा पत्रकारितेत पडले आणि 1948 मध्ये इथेच वारले. बागेच्या कडेला ‘मुंबई समाचार’चं कार्यालय आहे. 1822 पासून हे पत्र निघतं आहे. अशा शेजारात पत्रकाराचं नाव शोभतंच.

आणि समोर टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. दुर्गा भागवत वर्षानुवर्षं तिथे बसून वाचत, लिहीत. आणीबाणीत त्यांना अटक झाली तीही त्या ग्रंथालयातून. लिहिण्यापायी हद्दपार झालेल्या माणसाच्या नावाची बाग आणि बोलण्यापायी तुरुंगात गेलेल्या लेखिकेचं ग्रंथालय यांच्यात फक्त एक रस्ता आहे. तिथल्या फलकांवर ही गोष्ट लिहायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आज दुपारी बागेत गेलात तर बाकांवर डबे उघडलेले दिसतात. बँकांतले कर्मचारी, वकिलांचे कारकून, कुरिअरची पोरं, वडाच्या सावलीत दहा मिनिटं डोळे मिटून पडलेले हमाल. थंडीच्या दिवसांत काला घोडा महोत्सवाचे कार्यक्रम होतात, ‘रुहानियत’मध्ये सूफी आणि बाउल गाणी होतात. झाडांखाली बसून ऐकताना भोवतीची दगडी भिंत आवाज आत धरून ठेवते, रस्त्याची वाहतूक मागे पडते. ट्रबशॉ यांनी हे मनात धरलं असेल असं नाही, पण एकसलग वळलेल्या भिंतीचा हा फायदा बागेला मिळाला आहे.

बागेची निगा राखायची म्हणजे फक्त हिरवळ कापणं नव्हे. कमानींखालचा रस्ता दुचाकी आणि खोक्यांनी अडता कामा नये, दर्शनी भागावर वातानुकूलन यंत्रांचे डबे आणि मन मानेल तशा पाट्या चढता कामा नयेत. 1995 मध्ये मुंबईसाठी वारसा जतनाची नियमावली आली, त्यामुळे या इमारतींना कायद्याचं पाठबळ आहे. बागेच्या वेळांचाही विचार व्हावा. भर दुपारी सावली सर्वांत जास्त लागते ती उन्हातान्हात काम करणाऱ्यांना, आणि त्या वेळी फाटक उघडं असणं ही इथली पहिली गरज आहे.