'आय लव्ह यू' म्हणत आलेला वर्म, आणि त्याच्यानंतर आलेला कायदा

नाशिक रोड : ४ मे २०००, गुरुवार. जगभरातल्या ऑफिसांमध्ये एक ईमेल येऊन पडला. विषय होता, 'आय लव्ह यू'. पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असायचा. सोबत एक 'प्रेमपत्र' जोडलेलं. लोकांनी ते उघडलं आणि कॉम्प्युटरमधले फोटो कायमचे गेले.

हा वर्म काम कसा करायचा?

व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो. वर्म स्वतःच्या प्रती स्वतःच पाठवतो. या फाइलच्या नावात आधी 'टीएक्सटी' आणि शेवटी 'व्हीबीएस' होतं. विंडोज शेवटची अक्षरं लपवायचं, त्यामुळे प्रोग्राम असूनही ती साधी मजकुराची फाइल वाटायची. उघडली की ती फोटोंच्या जागी स्वतःची प्रत ठेवायची, गाण्यांच्या फाइल्स लपवायची आणि आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर तोच ईमेल पाठवायची. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सला त्या दिवशी ईमेल बंद ठेवावा लागला.

बनवला कुणी, आणि शिक्षा का नाही?

तपास फिलिपिन्समधल्या मनिला शहरात पोहोचला. ओनेल डी गुझमन या कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यावर संशय होता. पण असा प्रोग्राम पसरवणं हा तिथे गुन्हाच नव्हता. जून २००० मध्ये कायदा झाला, मात्र तो मागच्या घटनेला लावता येत नव्हता. ऑगस्टमध्ये आरोप मागे घेतले गेले. २०२० मध्ये त्यानं एका ब्रिटिश पत्रकाराकडे कबुली दिली : इंटरनेट फुकट मिळावं म्हणून पासवर्ड चोरायचे होते.

तेव्हा भारतात काय होतं?

आपलाही माहिती तंत्रज्ञान कायदा त्या दिवशी लागू नव्हता. राष्ट्रपतींची मंजुरी ९ जून २००० ला मिळाली, अंमलबजावणी सुरू झाली १७ ऑक्टोबर २००० पासून. म्हणजे वर्म येऊन गेल्यावर पाच महिन्यांनी.

आज असं घडलं तर?

समजा, नाशिक रोडच्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसातल्या ग्राहकांच्या फाइल्स अशाच उडाल्या. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये असा प्रोग्राम सोडल्यास कलम ४३ नुसार भरपाई मागता येते. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. हेच बेइमानीनं किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं असेल, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तुमच्याबाबतीत असं झालं, तर आधी इंटरनेट तोडा. तो ईमेल डिलीट करू नका, पुरावा तोच असतो. मग सायबर पोलिसांकडे तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

भरपाई मिळाली तरी गेलेल्या फाइल्स परत येतीलच असं नाही. म्हणून महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि काम झालं की ती डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा.