मागचा आस आणि भूमितीचा एक नियम

कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या बाजाराकडे निघालेल्या मोटारी पाहताना आपली नजर स्वाभाविकपणे पुढच्या चाकांकडे जाते. चालक चक्र फिरवतो, पुढची चाके वळतात. मागची बिचारी मुकाट्याने ओढली जात असावीत, असे वाटते. हा समज खरा नव्हे. आम्ही मूळचे कोकणी बोलणारे, समुद्रकाठचे. होडीचे सुकाणू मागे असते, तरी होडीचे तोंड कोठे वळावे हे तेच ठरवते, हे आम्हांस लहानपणापासून ठाऊक होते. मोटारीचा मागचा आसही सुकाणूचे काम करतो, हे कळण्यास मात्र एका जुन्या जीपचा प्रसंग घडावा लागला.

आमच्या शेजारच्या कुटुंबातील या जीपचे मागचे कमानपाटे थकले होते. काळ्या मातीच्या वाटांवर ओझे घेऊन चालताना तिचे बूड खाली बसे. अधिक भक्कम पाटे आणून ते घरीच बसवावेत असे ठरले. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा पाने हाती देणे आणि बॅटरी धरणे, एवढेच काम आमच्या वाट्यास आले. रात्री पाऊस पडला. सकाळी गाडी फिरवून पाहिली, तर सरळ वाटेवरही चक्र किंचित डावीकडे धरावे लागत होते. खाली उतरून पाहतो तो ओल्या मातीत मागच्या चाकांच्या खुणा पुढच्या चाकांच्या खुणांवर नेमक्या पडलेल्या नव्हत्या. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालली होती!

दोष लहानसाच होता. पाट्यांची चळत मधोमध एका बोल्टाने बांधलेली असते. त्या बोल्टाचे डोके आसावरील बैठकीच्या भोकात बसावे लागते. मग दोन यू-बोल्ट सारे घट्ट आवळून धरतात. डाव्या बाजूचे डोके भोकात न उतरता त्याच्या काठावर अडकले होते आणि आम्ही तसेच यू-बोल्ट आवळले होते. त्यामुळे आसाचे डावे टोक सुमारे ७ मिलिमीटर मागे राहिले.

एवढ्याशा अंतराने काय होते? विद्यार्थी मित्रांनो, हिशेब करून पाहा. दोन मागच्या चाकांमधील अंतर १४०० मिलिमीटर धरले, तर ७ भागिले १४०० म्हणजे ०.००५ इतका तिरकसपणा आला. पुढच्या व मागच्या आसांत २४०० मिलिमीटर अंतर असेल आणि पुढची चाके गाडीच्या अंगाशी अगदी सरळ ठेवली, तर २.४ भागिले ०.००५, म्हणजे सुमारे ४८० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात गाडी वळू लागेल. ते टाळण्यासाठी चालकाला चक्र सतत तिरके धरावे लागते. कोरड्या वाटेवर हे निभावून जाईल. परंतु राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पावसात एकाएकी ब्रेक दाबावा लागला तर? केसलापूरच्या नागोबा जत्रेला घरची मुलेबाळे याच गाडीत बसून जाणार होती.

म्हणून काम पुन्हा हाती घेतले. सपाट फरशीवर पुढच्या चाकांना दगडांची अटकाव लावली. गाडी उचलल्यावर चासीखाली भक्कम टेकू दिले; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. बोल्टाचे डोके भोकात नीट बसवून यू-बोल्ट हलकेच आवळले. मग चासीवरील डाव्या-उजव्या दोन समान खुणांवरून आणि आसावरील तशाच दोन खुणांवरून गवंड्याचा ओळंबा सोडून फरशीवर खडूने चार बिंदू काढले. प्रथम डाव्या व उजव्या बाजूची लांबी मोजली. दोन्ही समान भरल्या. सर्वांना वाटले, झाले! येथे मात्र आमच्या शाळेतील भूमिती धावून आली. समोरासमोरच्या बाजू समान असल्या म्हणजे आकृती आयत होतेच असे नाही. ती कललेला समांतरभुज चौकोनही असू शकते. आस समांतर राहून एका अंगाला सरकला असेल, तर बाजू समान भरतील, कर्ण नव्हे. म्हणून दोन्ही कर्ण मोजले. तेही समान भरले, तेव्हाच आमचे समाधान झाले.

पुढे यू-बोल्ट एकदम एकीकडून न आवळता आळीपाळीने, समोरासमोर, थोडेथोडे घट्ट केले. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच शेवटचे आवळले. अधांतरी आवळल्यास रबराला कायमचा पीळ बसतो. गाडीची उंची वाढल्यामुळे ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हेही पाहिले. काही अंतर चालवून आल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासले. चासीच वाकलेली असती, तर घरची ही युक्ती चालली नसती. गाडी कारखान्यातच न्यावी लागली असती.

आज कारखान्यांत कॅमेऱ्यांची यंत्रे चाकांची दिशा दाखवतात. तरीही अशा अखंड आसाला बहुधा फिरवून जुळवण्याचा स्क्रू नसतो. यंत्र दोष दाखवते, बैठक मात्र माणसालाच सुधारावी लागते. जत्रेच्या दिवशी ती जीप भरून निघाली, तेव्हा चक्र सरळ होते. “कर्ण मोजून काय उपयोग?” असे वर्गात विचारणारा एक विद्यार्थीही तीत बसला होता. त्याला उत्तर देण्याची आम्हांस गरज पडली नाही.