रानवाटेच्या मोटारसायकलीची निगा

जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांत मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. दूध डेअरीवर पोंचविणें, पंप चालू करावयास मळ्यांत जाणें, नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचा भाव पाहून येणें, हीं सर्व कामें तिच्यावरच होतात. अलीकडे साध्या गाडीच्या जागीं उंच, लांब स्प्रिंगांची व मोठ्या पुढच्या चाकाची गाडी घ्यावी कीं काय, असा विचार पुष्कळांच्या मनांत येऊं लागला आहे. बाजारांत तिला डर्ट बाइक म्हणतात. २०११ सालीं हिरोची इम्पल्स, २०१६ सालीं रॉयल एन्फील्डची हिमालयन व २०१९ सालीं हिरोची एक्सपल्स २०० निघाली. केटीएमच्या गाड्या तर आपल्या शेजारच्या चाकण येथेंच बजाजच्या कारखान्यांत तयार होतात. किमतीची चौकशी सारेच करतात. निगेची कोणी करीत नाहीं. म्हणून तिच्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. निव्वळ शर्यतीसाठीं केलेली डर्ट बाइक निराळी आणि नंबर मिळून सडकेवर चालणारी निराळी. पहिलीस दिवा नाहीं, आरसा नाहीं, नोंदणी नाहीं. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदणीवांचून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणतां येत नाहीं. तिचें तेल, गाळणी, फार काय पिस्टनसुद्धां, इंजिन किती तास चाललें तें पाहून बदलतात. हें काम शेतकऱ्याच्या संसारांत बसणारें नव्हे. दुसऱ्या प्रकारच्या गाडीचें इंजिन इतकें ताणलेलें नसतें, व तिची देखभाल किलोमीटरवर सांगितलेली असते. फसगत होते ती येथेंच. पहिल्या-दुसऱ्या गिअरांत बांधावरून व चढावर काढलेले पांच किलोमीटर इंजिनास सडकेवरील पांच किलोमीटरांहून पुष्कळ जड जातात. फेरे जास्त, वारा कमी, धूळ अधिक. धुळीच्या जागीं देखभाल लवकर करावी अशी सूचना पुष्कळ पुस्तकांत असते, पण ती वाचणारा विरळा. रोज रानांत चालणाऱ्या गाडीचें तेल पुस्तकांतील मुदतीच्या निम्म्यावरच बदलावें, असें आमचें मत आहे.

ट्रॅक्टरच्या डब्यांतील उरलेलें तेल मोटारसायकलींत ओतण्याचा मोह मात्र टाळावा. मोटारसायकलीचा क्लच बहुधा इंजिनाच्या तेलांतच बुडालेला असतो, व तेल त्या कामाचें नसल्यास त्याच्या चकत्या निसटूं लागण्याचें भय असतें. डब्यावर जासो एमए अथवा एमए२ अशी खूण पाहून तेल घ्यावें.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें तें हवेच्या गाळणीकडे. आळें, बेल्हें, लोणी, धामणी या पूर्वेकडील भागांत उन्हाळ्यांत मुरमाच्या वाटांवर उडणारी धूळ पिठासारखी बारीक असते. ती आंत गेली म्हणजे तेलांत मिसळून पिस्टन व सिलिंडर झिजविते. मग गाडी तेल खाऊं लागते व निळसर धूर सोडते. गाळणी स्पंजाची असल्यास साबणाच्या कोमट पाण्यांत धुवून, सावलींत पूर्ण वाळवून, गाळणीच्या तेलांत भिजवावी व हलक्या हातानें दाबावी. पेट्रोलनें धुऊं नये. स्पंजाचे जोड सुटतात. पुष्कळ देशी गाड्यांस तेलकट कागदाची गाळणी असते. ती धुवावयाची नाहीं आणि हवा मारूनहि साफ करावयाची नाहीं. तसें केल्यानें दिसावयास स्वच्छ झालेली गाळणी धूळ आंत सोडूं लागते. ती नवीच घालावी. कांहीं शें रुपये वांचवून इंजिनाचें काम काढणें हा कोठला हिशेब?

पश्चिमेकडे गोष्ट उलटी. भीमाशंकर, आहुपें, नाणेघाट या बाजूस पावसाळाभर धूळ नाहींच. पाणी आणि लाल चिखल. ओढा ओलांडल्यावर तेल पाहण्याच्या कांचेंत तें दुधाळ दिसलें, तर पाणी आंत गेलें असें समजून इंजिन चालू न करतां तेल काढून टाकावें. चाकांच्या बेअरिंगांत पाणी शिरतें तें मात्र पुष्कळदां ओढ्यापेक्षां गॅरेजमधील जोराच्या फवाऱ्यानेंच. चिखल बादलीच्या पाण्यानें भिजवून फडक्यानें काढावा. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्या तर रोज पुसाव्या. त्यांवर वाळलेला चिखल वरखालीं होतांना रबरी सील कापतो. मग तेल गळतें, आणि तें ब्रेकवर उतरलें म्हणजे माळशेज घाटाच्या उतारावर काय होईल हें सांगावयास नको. चिखलांतील खड्यांनीं ब्रेकचे पॅडहि लौकर झिजतात. ब्रेकचें तेल हवेंतील दमटपणा शोषून घेतें. तें बहुधा दर दोन वर्षांनीं बदलावें लागतें.

साखळी घट्ट ओढून ठेवणें म्हणजे निगा, अशी समजूत आहे. लांब स्प्रिंगांच्या गाडीची साखळी किंचित सैलच हवी; कारण माणूस बसल्यावर व खड्ड्यांत चाक वर गेल्यावर ती आपोआप ताणली जाते, आणि घट्ट असल्यास गिअरच्या बेअरिंगवर ओढ येते. किती सैल ठेवावी तें पुस्तकांत दिलेलें असतें. या गाड्यांच्या चाकांस बहुधा तारेचे आरे असतात. महिन्यांतून एकदां प्रत्येक आऱ्यावर पान्यानें हलकें टिचकावें. बहुतेक आरे खणखणीत वाजतील, सैल झालेला बद्द वाजेल. मऊ चिखलासाठीं टायरांतील हवा कमी केली असल्यास सडकेला लागतांच पुन्हा भरावी, नाहीं तर खड्ड्यांत रिम वांकते.

उसाच्या पट्ट्यांत बिबट्याचा वावर आहे, व वीज रात्रींची असली म्हणजे पाणी द्यावयास अंधारांतच जावें लागतें. अशा वाटेवर दिवा मिणमिणता असणें अथवा गाडी बंद पडणें हें खर्चाहून मोठें संकट होय. बॅटरीचीं टोकें स्वच्छ व घट्ट ठेवावीं. धान्याच्या खोलीशेजारीं गाडी उभी राहत असल्यास उंदीर तारा कुरतडतात, तेंहि अधूनमधून पाहावें. हौसेखातर आरसे काढणें किंवा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसविणें कायद्यास सोडून आहे. आणि गाडी रानांत चालते म्हणून १९८५ सालीं जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्यांत ती वाटेल तेथें घालतां येत नाहीं.

ज्याचें घर डांबरी सडकेस लागून व मळा हाकेच्या अंतरावर, त्यानें या फंदांत पडूं नये, शंभर सी. सी.ची साधी गाडी त्यास पुरते. ज्यास खरोखर चढ, ओढा व चिखल रोजचाच, त्यानें ती जरूर घ्यावी. मात्र खरेदीपूर्वीं गाळणी, साखळीचा संच, ब्रेकचे पॅड, क्लचच्या चकत्या व फोर्कचीं सीलें यांच्या किमती विचारून लिहून घ्याव्या, आणि हे भाग मंचर-नारायणगांवास मिळतात कीं पुण्याहून मागवावे लागतात, तेंहि विचारावें.