मुरवलेला रावस आणि जेवणातला पेला

मुले दूरगावाहून घरी आली की रात्रीच्या जेवणाला मासळीचा बेत ठरतो. हल्ली तिच्याजोडीला वाईनची बाटलीही टेबलावर येते. आजी-आजोबांच्या पानात मात्र मऊ भात आणि अळणी भाजी वाढली जाते. सर्वांबरोबर बसूनही आपले जेवण निराळे, ही बोच भूक मारते. मुरवून भाजलेला मासा विचारपूर्वक केला, तर घरात सर्वांसाठी एकच पदार्थ शिजू शकतो.

वयाबरोबर गंध आणि चव यांची जाण मंदावते, म्हणून मीठ वाढवावेसे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र प्रौढांसाठी दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे. मिठाची उणीव भरून काढण्याचे काम आंबटपणा आणि लसूण चोख करतात. मुरवण्याचे खरे मोल हेच.

रावस निवडावा, त्यात बारीक काटे तुलनेने कमी. (बांगडा, तारली यांत ओमेगा-३ मेद भरपूर, पण काट्यांचा जाच मोठा.) बोटभर जाडीचे चार तुकडे घ्या. पाच-सहा लसूण पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, मूठभर कोथिंबीर आणि अर्धी हिरवी मिरची वाटून त्यात हळद, मिरपूड, अर्ध्या लिंबाचा रस, दोन चमचे तेल आणि पाव चमचा मीठ मिसळा. हे वाटण लावून तुकडे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, त्याहून अधिक नको. आंबटाने माशाचे प्रथिन गोठू लागते आणि तासन्‌तास मुरवलेला मासा पिठूळ होतो. २०० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये बारा ते पंधरा मिनिटे पुरतात. काटा-चमच्याने पाकळ्या सहज सुटल्या आणि आत काचेसारखी झाक उरली नाही, की मासा झाला. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर भाजावा.

चावणे अवघड जात असेल, तर पाकळ्या मोकळ्या करून ट्रेमधील रस त्यावर घाला. वाढण्यापूर्वी काटे बोटांनी चाचपून पाहा. केवळ नजरेवर विसंबू नका. गिळण्याचा त्रास असल्यास किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे प्रथिने मोजून घ्यावी लागत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

आता पेल्याविषयी. लिंबू-लसणाच्या या माशाला कोरडी पांढरी वाईन शोभते. नाशिकच्या द्राक्षमळ्यांतील शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यॉं ब्लां चालते. तांबड्या वाईनमधील लोह आणि टॅनिन माशाबरोबर धातूसारखी चव आणू शकतात. पण वृद्धांच्या बाबतीत निर्णय औषधांच्या डबीपाशी व्हायला हवा. उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढ्याच वाईनने रक्तातील मद्यार्क अधिक चढतो. झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते आणि रात्री न्हाणीघराकडे जाताना तोल जातो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर मध्यरात्री धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मेट्रोनिडॅझोल चालू असताना मद्य टाळावेच. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या अनुमतीशिवाय घोटही घेऊ नये. हृदयासाठी थोडी वाईन चांगली, हा समजही सोडलेला बरा: मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

म्हणून आजोबांचा पेला रिकामा ठेवायचा असे नव्हे. आमसुले धुऊन कोमट पाण्यात तासभर भिजत घाला. पाणी गाळून त्यात भरड जिरेपूड मिसळा आणि गार करा. विकतचे आगळ घेऊ नका, त्यात मीठ फार असते. हे गडद लाल पाणी टेबलावरच्या इतरांच्या पेल्यांसारख्याच पेल्यात ओता आणि पहिला घोट आजोबांना घेऊ द्या.